तिसरा महिना सरेपर्यंत

नर्मदेला दिवस गेले आहेत ही गोष्ट साऱ्या जगात फक्त नर्मदेला ठाऊक होती, आणि ती तशीच राहावी म्हणून तिचा जिवाचा आटापिटा चालला होता. नवऱ्यालाही तिने कळवलं नव्हतं. हरिश्चंद्र मुंबईला गोदीत कामाला, राहायला गाववाल्यांच्या खोलीवर. तिथे पत्र एकाच्या नावावर यायचं आणि वाचन बाराजणांसमोर व्हायचं. त्या बारांतले निदान पाच तरी लगेच आपापल्या घरी कार्ड टाकणार, म्हणजे मसुरे गावची बातमी मुंबई बघून आठ दिवसांत मसुऱ्यालाच परत. घरात दुसरं माणूस म्हणजे सासरे अप्पा. त्यांना ऐकू कमी यायचं, आणि नजर चहाच्या कपापलीकडे सहसा जात नसे. त्यांच्याकडून धोका नव्हता. धोका होता तो शेडमधल्या बायकांकडून.

शेड म्हणजे काथ्या सोसायटीची शेड, खाडीच्या काठाला, माडांच्या सावलीत. नारळाची सोडणं खाडीच्या चिखलात खड्डा करून पुरायची, आठ-नऊ महिने कुजू द्यायची, मग उपसून, दांडक्याने बडवून त्यांचा काथ्या काढायचा आणि रहाटावर त्याचा सुंभ वळायचा, असं तिथलं काम. अकरा बायका होत्या. सोसायटी निघाली तेव्हा सरकारी ट्रेनिंगला जायला एकही बाई तयार होईना, तेव्हा नर्मदा गेली. सहा महिने परमुलखात राहून शिकून आली आणि आपल्यापेक्षा वीस-वीस वर्षांनी थोर असलेल्या बायकांवर मुख्य झाली. मुख्य होणं सोपं असतं. मुख्य राहायचं तर रोज सगळ्यांच्या आधी खाडीत उतरावं लागतं, आणि नर्मदा उतरत होती.

आता एवढं लपवायचं काय, असं कोणी म्हणेल. लग्न होऊन सात वर्षं झालेली, नवरा मिळवता, आनंदाचीच गोष्ट. पण नर्मदेची ही तिसरी खेप होती. पहिल्या वेळी दुसराच महिना असताना तिने हौसेने काशीबाईला सांगितलं होतं. काशीबाई ही शेडमधली सगळ्यांत जुनी कामकरीण, पन्नाशीची, आणि तिच्या तोंडात तीळ भिजत नसे. संध्याकाळपर्यंत गूळखोबरं वाटून झालं. कैऱ्या काय, चिंचा काय, नर्मदेच्या पदरात मावेनात. बायकांनी मधल्या सुट्टीत बसून पाळण्यासाठी बारीक, मऊ दोरी वळली आणि शेडच्या खुंटीला टांगून ठेवली. तिसऱ्या महिन्यात सगळं आटोपलं. आठ दिवसांनी नर्मदा कामावर आली तेव्हा दोरी खुंटीलाच होती. काढायची कशी, ठेवायची कशी, हे कोणालाच कळेना. शेवटी नर्मदेनेच ती काढली आणि विहिरीच्या कळशीला बांधून टाकली.

दुसऱ्या वेळी फक्त तिघी-चौघींना माहीत होतं, तरी गत तीच झाली, महिनाही तोच. त्यानंतर ती शेडमध्ये पाऊल टाकी आणि आतलं हसणं तुटे. कोणी आपल्या नातवाचं कौतुक सांगत असली की मध्येच गप्प होई आणि भलतंच काही बोलू लागे. त्या बायका वाईट नव्हत्या. पण ती गप्प झालेली तोंडं नर्मदेला घरी आल्यावरही दिसत. मूल गेल्याचं दुःख तिने कसंबसं गिळलं होतं; दहा जणींच्या डोळ्यांतली कीव तिला गिळता आली नव्हती. म्हणून या वेळी तिने स्वतःशी ठरवून टाकलं की तिसरा महिना सरेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. राहिलं तर सगळ्यांना दिसेलच. नाही राहिलं तर तिचं ती बघून घेईल.

ठरवणं ठीक होतं, निभावणं कठीण. कुजलेल्या सोडणांचा वास हा असा की चांगल्या धट्ट्याकट्ट्या माणसाने नाक धरावं. तीन वर्षं तो वास नर्मदेला जाणवलासुद्धा नव्हता. आता सकाळी शेडची वाट धरली की घशाशी यायचं. तिने पदराच्या टोकाला कापूर बांधला आणि सर्दी झाली म्हणून सांगितलं. सर्दी दोन महिने टिकली. मासे समोर आले की नको व्हायचं, म्हणून तिने आधी सोमवार धरले, मग गुरुवार, मग शनिवार, आणि एकदा तर मंगळवारीही कसलासा उपास निघाला. शेडमध्ये जेवायला तिच्या शेजारी बसणारी तुळसा तिच्यापुढे बांगड्याचं तिखलं सरकवायची. नर्मदा म्हणायची, "आज माझो उपास." तुळसा मान डोलवायची आणि तिखलं मुकाट्याने स्वतःकडे ओढून घ्यायची. एकदासुद्धा तिने कसला उपास म्हणून विचारलं नाही. नर्मदेला वाटे, काय भोळी बाई ही.

एक सोय मात्र कामानेच करून दिली होती. सुंभ वळताना एकजण बसून रहाटाचं चाक फिरवते आणि दोघीजणी कमरेला काथ्याचा मोठा पुंजका बांधून, हाताने धागा सोडत सोडत मागे मागे चालत जातात. तो पुंजका बांधला की पोट सपाट आहे की काय आहे हे ब्रह्मदेवालाही दिसणार नाही. नर्मदा सकाळी आल्या आल्या पुंजका बांधायची तो संध्याकाळीच सोडायची.

मग एके दिवशी काशीबाई पुढे आली. तिने नर्मदेच्या कमरेचा पुंजका सरळ सोडून आपल्या कमरेला बांधला.

"माझे पाय आखाडतत गो," ती म्हणाली. "मागे मागे चाललंय की वायच मोकळे जातत. तू बस चाकार."

"रोज चालूक तुका कंटाळो येय, आणि आज..."

"आज पाय आखाडले."

काशीबाईचे पाय दुसऱ्या दिवशीही आखडले आणि तिसऱ्याही. नर्मदा चाकावर बसली ती बसलीच. त्यानंतर तुळसेने तिच्या हातातलं बडवायचं दांडकं काढून घेतलं. म्हणे आपलं फुटलं आणि नर्मदेचं हाताला बरं बसतं. पाण्याच्या कळशा कोणीतरी आधीच भरून ठेवू लागलं. ओल्या काथ्याचा भारा उचलायला नर्मदा वाकली की दोघी-तिघी धावत येत आणि तिला जवळजवळ ढकलून भारा नेत. एकदा तर ती नुसती झाडू मारायला उठली, तर तोही हातातून गेला.

आता नर्मदा काही मूर्ख नव्हती. पण ज्याला काही लपवायचं असतं त्याला सगळीकडे दुसऱ्यांचंच काहीतरी लपलेलं दिसू लागतं. तिच्या मनाने घेतलं की ही सारी काशीबाईची खेळी आहे. आधी हातातलं काम काढून घ्यायचं, मग सोसायटीच्या माणसांपुढे म्हणायचं की बघा, मुख्य बाई नुसती बसून असते. काशीबाईची एक भाची होती, चार यत्ता शिकलेली. तिला इथे चिकटवायचा बेत असणार. त्यातच ती आली की बायका पुन्हा कुजबुजायच्या थांबू लागल्या होत्या. ते थांबणं तिच्या चांगलं ओळखीचं होतं, फक्त या वेळी त्याचं कारण तिने स्वतःच्या मनानेच लावलं.

आणि या सगळ्यावर कडी केली ती खड्ड्याने.

खड्डा शिमग्याच्या आधीच उघडायला हवा होता. सोडणं जास्त कुजली की काथ्या काळा पडतो आणि सुंभाला बळ राहत नाही, हे नर्मदा ट्रेनिंगमध्ये शिकून आली होती. पण खड्डा असा मनाला येईल तेव्हा उघडता येत नसे. आधी खाडीच्या राखणदाराला नारळ ठेवायचा, गाऱ्हाणं घालायचं, आणि मगच चिखलात हात घालायचा, ही तिथली वहिवाट. गाऱ्हाणं घालायचा मान दाजींचा. सत्तरीचे दाजी अजून काठीशिवाय चालत, आणि त्यांचा आवाज पलीकडच्या तीरावर जाई.

नर्मदा त्यांच्याकडे गेली, तर दाजी म्हणाले, "शिमगो तोंडार इलो. शिमग्यात खाडयेत कोण उतरता?"

शिमगा झाला. ती पुन्हा गेली. "उधाण आसा," दाजी म्हणाले. "ह्या पाण्यात बायकांका उतरवू काय मी?"

उधाण ओसरलं. पाडवाही झाला. ती तिसऱ्यांदा गेली तेव्हा दाजी अंगणात पायावर फडकं गुंडाळून बसले होते. पाय मुरगळला म्हणाले. त्याच संध्याकाळी नर्मदेने त्यांना मासळी घेऊन टणाटणा चालत घरी जाताना पाहिलं. तिचं डोकंच फिरलं. एवढा म्हातारा माणूससुद्धा काशीबाईला सामील!

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. नर्मदा सकाळी शेडमध्ये आली, पदर खोचला, फावडं उचललं आणि कोणाशी एक अक्षर न बोलता खाडीकडे चालू लागली. ओहोटीची वेळ होती. खड्ड्यावर झाकलेली माडाची झापं आणि त्यांवरचे दगड उघडे पडले होते. ती पहिल्या दगडापाशी पोचते न पोचते तोच मागून काशीबाई धापा टाकत आली आणि सरळ त्या दगडावर जाऊन बसली.

"उठ," नर्मदा म्हणाली.

"उठणंय नाय."

"काशीबाय, सोडणां कुसान जातत. तुका कळता ना? तीन वर्सां मी हो काथ्यो उभो केलंय."

"कळता. पण आज उतरूचा नाय म्हणजे नाय."

"कित्या?"

काशीबाईने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. "माका बरां नाय वाटणा," ती म्हणाली.

"तुका बरां नाय तर तू घराक जा! दगडार कित्या बसलंस? तुका माझी जागा होयी तर सरळ सांग. भाचयेक आणून बसवूचा तर सांग. पण असा गुपचूप सगळ्यांका फितवन माझ्या हातातला काम काढून घेवक तुका लाज नाय वाटणा?"

ती हे एवढ्या जोरात बोलली की शेडच्या दारातल्या बायका होत्या तिथे थिजल्या. आता काशीबाई काय ऐकवते आणि काय नाही, असं प्रत्येकीला वाटलं असणार. कारण काशीबाईने आजवर कोणाचं ऐकून घेतलं नव्हतं, सासूचं नाही आणि सरपंचाचंही नाही. पण ती नुसती बघत राहिली. तिचा चेहरा उतरला. खालचा ओठ थोडा थरथरला.

"सोमवारी दाजी गाऱ्हाणा घालतले," ती शेवटी म्हणाली. "दोन दिस थांब. मगे तुका काय बोलूचा ता बोल, मी उभी ऱ्हवान ऐकतलंय."

नर्मदेने फावडं टाकलं आणि ती तशीच घरी गेली. अप्पांना चहा करून दिला आणि चुलीपाशी बसली. रागाने बोलली होती खरी, पण काशीबाईचा तो ओठ काही डोळ्यांसमोरून हलेना. आणि रागाच्या भरात आपण फावडं घेऊन चिखलात उतरायला निघालो होतो, हे आता तिच्या ध्यानात आलं. या दोन महिन्यांत ती दिवसातून दहा वेळा न्हाणीत जाऊन लुगडं बघत असे. त्या दिवशी तिने किती वेळा बघितलं याला गणती नाही. काही नव्हतं. सगळं ठीक होतं. तरी तिला रडू आलं, आणि अप्पांना ऐकू येत नाही या एका गोष्टीचा तिला फार आधार वाटला.

सोमवारी सकाळी दाजी आले. पायाला फडकं नव्हतं.

खाडीच्या काठाला जांभ्याचा एक उभा दगड आहे, तोच राखणदार. दाजींनी त्याच्यावर पाणी घातलं, फूल वाहिलं, उदबत्ती लावली आणि नारळ दोन्ही हातांत धरून उभे राहिले. मागे अकराजणी. नर्मदा एका कडेला, काशीबाईपासून होता होईल तेवढी लांब.

"हे देवा म्हाराजा!" दाजींनी आवाज लावला. "खाडयेच्या राखणदारा! आज ह्या तुझ्या लेकरांनी तुझ्या पायाकडे नारळ ठेवलोहा, तो मान्य करून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बायका म्हणाल्या.

"वर्साची सोडणां तुझ्या हवाली केली होती, तेंचो बरो काथ्यो येवंदे. ह्या पोरींच्या हाताक यश दी, पायाक काटो लागाक देव नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"जे झील मुंबयक पोटासाठी गेलेहत, तेंका सुखी ठेव. कोणी आमचा वायट चितल्यान आसात, तर तेका बरी बुदी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

नर्मदाही सगळ्यांबरोबर म्हणत होती, सवयीने. लक्ष खड्ड्याकडे होतं. नेहमी गाऱ्हाणं इथे संपायचं. पण दाजींनी नारळ खाली ठेवला नाही. त्यांनी एकदा खाकरून घसा साफ केला.

"आणि म्हाराजा, आमच्या ह्या नर्मदेच्या वटयेत जा दान घातलंस, ता सांभाळ. दोनदा दिलंस आणि दोनदा परत नेलंस. आमी तुका काय्येक इचारूक नाय. गप ऱ्हवलंव. पण ह्या खेपेक काय वाकडा झाला, तर हंयच येवन तुका जाब इचारतलंव, ता ध्यानात ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

तो आवाज आधीच्या आवाजांसारखा नव्हता. दहाजणी एका दमात ओरडल्या आणि माडावरचे कावळे उडाले. कोणी चमकलं नाही. कोणी वळून तिच्याकडे बघितलं नाही. कोणी शेजारणीला कोपरखळी मारली नाही. सगळ्यांच्या नजरा त्या दगडावर, जणू दाजी पावसापाण्याचं बोलत होते. आणि मग नर्मदेला एकदम कळलं. पाय आखडले ते कशाने, दांडकं फुटलं ते कशाने, उधाण आणि मुरगळलेला पाय, सगळंच कळलं. तिने बाजूच्या माडाला हात टेकला.

दाजी अजून नारळ धरून उभे होते. गाऱ्हाण्यात ज्याचं नाव निघतं त्याने स्वतः होय म्हणावं लागतं. त्याशिवाय नारळ फुटत नाही. दाजी तिच्याकडे बघत नव्हते, पण थांबले होते. सगळ्याच थांबल्या होत्या.

होय म्हणणं म्हणजे सांगणं. दोन महिने तिने दात आवळून जे धरलं होतं ते अकरा माणसांपुढे, देवापुढे, स्वतःच्या तोंडाने सांगणं.

"व्हय म्हाराजा," ती म्हणाली.

दाजी नारळावर पाणी घालायला वाकले. तेवढ्यात काशीबाई झपाझप तिच्याकडे आली आणि तिचे दोन्ही खांदे धरून तिला पाठमोरी फिरवली.

"पोटुशीन नारळ फोडताना बघूचा नसता," ती म्हणाली, आणि वर तिने आपला खरखरीत तळवा नर्मदेच्या डोळ्यांवर ठेवला.

"कधीपासून ठावक आसा तुमका?" नर्मदेने विचारलं.

"अगो, घोव जत्रेक इलो कधी, गेलो कधी, ता साऱ्या गावाक ठावक. त्याच्यावर तुझे मंगळवारचे उपास! आमी काय आंधळी?"

"आणि तू कोणाकडे बोलूक नाय?"

"तू सांगूक नाय, म्हणजे तुका नको होता. मगे आमी कशा बोलतलंव? तुझा पोट दिसाच्या आदी माझाच पोट फुगला गो, गजाल धरून धरून." काशीबाईचा आवाज जरा बारीक झाला. "तिसरो सरल्याबगर देवाफुडे तुझा नाव काढूचा नाय, असा आमी ठरवलंव. म्हणान दाजींका थांबवून ठेवलंव. काल सरलो. आमी सगळी मोजतंव."

म्हणजे ती रोज एकटी मोजत होती ते दिवस दहाजणी आपापल्या चुलीपाशी मोजत होत्या. नर्मदेच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि काशीबाईच्या तळव्याखालून गालावर ओघळलं. शनिवारी मी तुला काय काय बोलले, असं म्हणायला तिने तोंड उघडलं, पण भलतंच बाहेर पडलं. जे तिने देवालाही सांगितलं नव्हतं ते.

"काशीबाय, माका भिया वाटता."

"आमका पण वाटता," काशीबाई म्हणाली. "पण आता तुया एकटीन भियाचा नाय."

मागे दगडावर नारळ फुटला. बायकांनी एकच गलका केला आणि तुळसा खोबरं गोळा करायला धावली. काशीबाईने हात मात्र काढला नाही.